पुसलेल्या फिती आणि एक नात

आमची लेक सात वर्षांची झाली त्या महिन्यात आमच्या घरी एक वाद उद्भवला. तो मराठीच्या दोन अध्यापकांमधला वाद होता, म्हणजे लांबणार हे उघडच होते. प्रश्न असा, की 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानमालिका मुलीला दाखवायची तर आरंभ कोठून करावा? एक पक्ष म्हणे, २००५ साली ही मालिका नव्याने सुरू झाली तेथून करावा. तिला रंग आहेत, वेग आहे आणि मूल कंटाळणार नाही. दुसरा पक्ष म्हणे, आरंभ म्हणजे आरंभ. १९६३ सालचा, कृष्णधवल, संथ, पुठ्ठ्याच्या भिंती हलताना दिसतील असा. अखेर निकाल लागला तो वाङ्मयीन निकषावर नव्हे. आमच्यापैकी एकाचे वडील, म्हणजे लेकीचे आजोबा, त्या दिवाळीनंतर निवर्तले होते, आणि १९६३ ची मालिका सुरू होते ती एका आजोबांपासून व त्यांच्या नातीपासून. हे मुलीला झेपेल का, असे एकाला वाटले. हेच तिला पाहू द्यावे, असे दुसऱ्याला. पुढच्या सात-आठ महिन्यांतील शनिवारच्या संध्याकाळींनी आम्हां दोघांनाही थोडे थोडे चूक ठरवले. त्या निमित्ताने ह्या मालिकेच्या जन्माचा, आणि तिच्या काही भागांच्या मरणाचा, इतिहास आम्ही नव्याने वाचला. तोच येथे मांडत आहोत.

आमच्या पिढीला विज्ञानकथा प्रथम भेटली ती जयंत नारळीकरांच्या पुस्तकांतून. नारळीकरांनी केंब्रिजला ज्यांच्या हाताखाली संशोधन केले ते फ्रेड हॉइल स्वतः विज्ञानकथाकार होते, आणि त्यांच्याच कल्पनेवर बीबीसीने १९६१ साली 'ए फॉर अँड्रोमिडा' ही मालिका काढली होती. मोठ्यांसाठी असलेल्या ह्या मालिकेला चांगला प्रतिसाद मिळाला. १९६२ मध्ये बीबीसीने विज्ञानकथा हा प्रकार दूरचित्रवाणीला मानवेल का, ह्याची पद्धतशीर पाहणी करवली. नारळीकरांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली १९६३ साली, आणि त्या पाहणीचे फळही त्याच वर्षी पडद्यावर आले. हा योगायोग आहे, त्याहून अधिक नाही. पण आमच्या मनात ही दोन्ही टोके शेजारी शेजारी बसलेली आहेत.

बीबीसीची अडचण तशी व्यावहारिक होती. शनिवारी दुपारी खेळांचा 'ग्रँडस्टँड' आणि संध्याकाळी पॉप संगीताचा 'ज्यूक बॉक्स ज्युरी' असे दोन लोकप्रिय कार्यक्रम असत. त्यांच्या मधल्या वेळात प्रेक्षक निघून जात. ते थांबावेत, घरातील लहानमोठे सर्व एकत्र बसून पाहतील असे काही असावे, अशी नाट्यविभागाचे नवे प्रमुख सिडनी न्यूमन ह्यांची इच्छा होती. न्यूमन मूळचे कॅनडाचे. कालयंत्रातून भूतकाळात गेले की इतिहास शिकवता येईल, भविष्यात गेले की विज्ञान, असा त्यांचा हिशेब. म्हणूनच कथेत दोन शिक्षक आले. बार्बरा राइट इतिहास शिकवणारी, इयन चेस्टरटन विज्ञान शिकवणारा. न्यूमन ह्यांनी एक अट मात्र कटाक्षाने घातली होती, की बटबटीत डोळ्यांचे परग्रहावरचे राक्षस ह्यात असता कामा नयेत.

हे काम ज्यांच्याकडे आले ती माणसे त्या संस्थेत उपरी म्हणावीत अशीच होती. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट सत्तावीस वर्षांच्या, आणि नाट्यविभागातील निर्माते तेव्हा बहुतेक पुरुष. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन चोवीस वर्षांचे. त्यांचा जन्म १९३८ साली लखनौचा. 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ह्या कादंबरीच्या लेखिका अतिया हुसैन ह्यांचे ते चिरंजीव. फाळणीच्या आधल्या वर्षी कुटुंबाबरोबर ते इंग्लंडला गेले होते. चित्रीकरणाला मिळाला तो लाइम ग्रोव्हचा जुना, अडचणीचा आणि दिव्यांनी तापणारा स्टुडिओ. परक्या काळात जाऊन पडलेल्या चौघांची गोष्ट घडवणाऱ्यांपैकी एकाने स्वतः लहानपणीच देश बदललेला होता, ही गोष्ट आम्हांला निव्वळ तपशील वाटत नाही.

पहिला भाग सप्टेंबर १९६३ मध्ये मुद्रित झाला आणि न्यूमन ह्यांनी तो नापास केला. तांत्रिक चुका होत्याच, पण मुख्य आक्षेप आजोबांवर होता. विल्यम हार्टनेल ह्यांनी उभा केलेला डॉक्टर फार तुसडा आणि क्रूर वाटत होता. ऑक्टोबरमध्ये भाग पुन्हा मुद्रित केला गेला. म्हातारा तऱ्हेवाईकच राहिला, पण त्याच्या बोलण्यात थोडे मिश्कील मार्दव आले. प्रक्षेपण झाले २३ नोव्हेंबर १९६३ रोजी. आदल्याच दिवशी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांची हत्या झाली होती. अनेकांचा भाग बघायचा राहिला, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला पुन्हा दाखवण्यात आला.

आमच्याकडे २००६ साली निघालेला डीव्हीडींचा संच होता. तो आहे हे बरे, कारण २०२३ साली बीबीसीने आपल्या संकेतस्थळावर जुने आठशेहून अधिक भाग खुले केले तेव्हा नेमके हे पहिले चार भाग हक्कांच्या वादामुळे त्यांत नव्हते. लेक आमच्या मध्ये बसली. तिचे इंग्रजी बेताचे, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी चित्र थांबवून आम्ही मराठीत निरूपण करीत असू. कथेत सुसान नावाची पंधरा वर्षांची मुलगी शाळेत अजब वागते. तिला काही गोष्टी शिक्षकांहून अधिक येतात आणि काही अगदी साध्या येत नाहीत. दोघे शिक्षक तिचा पाठलाग करीत तिच्या पत्त्यावर जातात, तर तेथे एक भंगाराचे आवार, आणि त्यात रस्त्यावर असायची तशी पोलिसांची पेटी. त्या काळी ब्रिटनमध्ये लोकांना पोलिसांशी दूरध्वनीवर बोलता यावे म्हणून रस्त्यांवर माणूसभर उंचीच्या अशा निळ्या पेट्या असत. दार उघडते आणि आत पेटीहून कितीतरी मोठी खोली निघते.

"निळी कशावरून?" लेकीने विचारले. तिच्यासमोर ती पेटी करड्या रंगाची होती. आम्ही सांगितले, की ती निळी आहे हे आम्हांला ठाऊक आहे. पुढचा प्रश्न आला, डॉक्टर असून ते औषध का देत नाहीत? तिसरा प्रश्न मात्र न्यूमन ह्यांच्या आक्षेपाच्या जवळ जाणारा होता: "आजोबा इतके का रागावतात?" आमच्यापैकी एकाने सांगितले, की ते घाबरलेले आहेत; नातीला आपल्यापासून कोणी नेईल अशी त्यांना भीती वाटते. ह्यावर ती गप्प राहिली. पण पेटी निघतानाची घरघर तिला फार आवडली. ब्रायन हॉजसन ह्यांनी एका जुन्या पियानोच्या जाड तारांवर किल्ली घासून तो आवाज मिळवला होता, हे कळल्यावर घरातली किल्ली जाळीच्या दारावर घासली जाऊ लागली. शीर्षकसंगीताचीही तीच तऱ्हा. रॉन ग्रेनर ह्यांची धून डेलिया डर्बीशायर ह्यांनी बीबीसीच्या कार्यशाळेत, संश्लेषक यंत्रे सर्रास मिळू लागण्याच्या कितीतरी आधी, एकेक स्वर निराळा मुद्रित करून व फितीचे तुकडे कापून, जोडून सिद्ध केली होती.

दुसऱ्या कथेत न्यूमन ह्यांची अट मोडली. टेरी नेशन ह्यांनी लिहिलेल्या ह्या सात भागांत 'डालेक' आले. अणुयुद्धाने उजाड झालेल्या ग्रहावर धातूच्या कवचात जगणारी, आपल्यासारखे नसलेल्या प्रत्येकाचा द्वेष करणारी ही जात. रेमंड क्युसिक ह्यांनी त्यांना मानवी आकारच ठेवला नाही. पाय नाहीत, चेहरा नाही, नुसते सरकत येणे. न्यूमन संतापले. पण २१ डिसेंबर १९६३ चा भाग संपला तो एका पन्हळीतून पुढे येणाऱ्या हातासारख्या वस्तूवर आणि बार्बराच्या किंकाळीवर, आणि काही आठवड्यांत प्रेक्षकसंख्या एक कोटीच्या घरात गेली. महायुद्ध संपून अठराच वर्षे झाली होती. वंशशुद्धीचा आग्रह धरणारे, आज्ञेचे एकसुरी ओरडणे हीच भाषा असलेले हे प्राणी कोणावरून घेतले, हे ब्रिटनमधील आईबापांना सांगावे लागले नसेल.

आमची लेक त्या किंकाळीला गोधडीत शिरली. रात्री पाणी प्यायला एकटी उठली नाही. आमच्यातील पहिल्या पक्षाला, साहजिकच, 'मी म्हणत होते' असे म्हणण्याची संधी मिळाली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला डालेकची रचना समजावली. आत एक माणूस बसतो, पायांनी जमीन रेटत ते धूड चालवतो, आवाज वेगळे नट काढतात व तो यंत्रातून कर्कश केला जातो. समजावणीने भीती जाईल अशी आमची, शिक्षकांची, अपेक्षा. तिने सर्व ऐकले आणि म्हणाली, "पण त्यांना माहीत नाही ना, की आत माणूस आहे." हे वाक्य आम्ही अजूनही उलटसुलट करून पाहतो. त्या संध्याकाळी डोक्यावर बादली पालथी घालून ती घरभर सरकत होती. भय नाहीसे झाले नव्हते. तिने ते खेळायला घेतले होते. पुढचा भाग तिनेच मागितला.

मोठ्यांची काळजी सर्वस्वी खोटी असते असे मात्र नव्हे. तिसऱ्या कथेत, फेब्रुवारी १९६४ मध्ये, भ्रमिष्ट झालेली सुसान हातात कात्री घेऊन गादीवर वार करते. ह्यावर बीबीसीच्या आतूनच टीका झाली, कारण डालेक कोणाच्या घरी नसतो पण कात्री प्रत्येकाच्या घरी असते. लँबर्ट ह्यांनी आक्षेप मान्य केला. आम्हीही तो प्रसंग गाळला. मुलांना काय दाखवावे ह्याची चर्चा आपल्याकडे राक्षसापाशी अडते. कात्रीपाशी थांबणारा तो साठ वर्षांपूर्वीचा विवेक आम्हांला अधिक पटला.

आणि मग चौथी कथा आली, किंवा खरे म्हणजे आली नाही. ती होती 'मार्को पोलो'. सात भाग, त्यांतील सहांचे दिग्दर्शन वारिस हुसेन ह्यांचे, कुब्लाई खानाच्या दरबारापर्यंतचा प्रवास. तिचा एकही भाग आज उपलब्ध नाही. पहिल्या हंगामाच्या बेचाळीस भागांपैकी नऊ, आणि पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक भाग असेच गेले. आगीत नाही, पुरात नाही, सांभाळणाऱ्यांनीच पुसले. चित्रफीत महाग होती आणि पुन्हा वापरता येई. कलावंतांच्या संघटनेशी असलेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. परदेशी विक्रीसाठी चित्रपटाच्या रिळांवर प्रती काढलेल्या होत्या, पण रंगीत प्रक्षेपण आल्यावर कृष्णधवल प्रतींना गिऱ्हाईक उरले नाही, आणि त्याही नष्ट करण्यात आल्या. हे १९७८ पर्यंत चालले. कोणी दुष्ट नव्हते. लहान मुलांनी एकदा पाहून झालेली गोष्ट पुन्हा कोणाला हवी असेल, असे कोणाला वाटलेच नाही, एवढेच. आपण हसू नये. मुंबईत तयार झालेल्या 'आलम आरा' ह्या १९३१ च्या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज ठाऊक नाही.

"ज्यांनी पुसलं त्यांना कुणी रागावलं का?" लेकीने विचारले. रागावले नाही, पण शोधणारे निघाले. 'टूम ऑफ द सायबरमेन' ही कथा हाँगकाँगहून परत आली आणि १९९२ मध्ये लोकांना पुन्हा पाहता आली. २०१३ मध्ये नायजेरियातील जोस शहरातून सापडलेले नऊ भाग जगापुढे आले. आणि ज्यांची चित्रे गेली त्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आहे, कारण काही प्रेक्षक, त्यांत शाळकरी मुलेही, प्रक्षेपणाच्या वेळी घरच्या ध्वनिमुद्रकावर तो उतरवून घेत होते. संस्थेने जे टाकून दिले ते घराघरांतल्या ट्रंकांमध्ये राहिले. आम्ही 'मार्को पोलो' तसाच ऐकला, सोबत उरलेली स्थिरचित्रे पाहिली. लेकीला त्यात कमीपणा वाटला नाही. तिला आजोबांच्या गोष्टी ऐकून ऐकण्याची सवय होती.

त्यानंतरच्या 'दि अझटेक्स' (१९६४) ह्या चार भागांत बार्बराला लोक देवीचा अवतार समजतात, आणि ती त्या अधिकाराचा उपयोग करून नरबळी थांबवायला निघते. डॉक्टर तिला बजावतो, की इतिहास बदलता येणार नाही. ती प्रयत्न करते आणि हरते. एका ज्ञानी पुरोहिताचे मन तेवढे पालटते. इतिहासाची शिक्षिका इतिहासापुढे हतबल होते, हे मुलांच्या कार्यक्रमात दाखवायला धैर्य लागते. पुढे १९६६-६७ च्या 'दि हायलँडर्स'नंतर निव्वळ ऐतिहासिक कथा बंदच झाल्या. १९८२ चा एक अपवाद सोडता त्या पुन्हा आल्या नाहीत. प्रेक्षकांना राक्षस हवे होते. आम्हांला ह्याची खंत वाटते, पण बादली डोक्यावर घेतलेल्या मुलीसमोर ती मांडणे अवघड आहे.

२६ डिसेंबर १९६४ च्या भागात डॉक्टर नातीला मागे ठेवतो. तिचे एकावर प्रेम बसले आहे, पण आजोबांना सोडून ती जाणार नाही हे ओळखून तो पेटीचे दार आतून लावून घेतो आणि निघून जातो. आमच्या लेकीला हे पसंत पडले नाही. "न विचारता?" एवढेच ती म्हणाली. आम्ही निरूपण केले नाही.

खरा प्रश्न उरला होता तो 'दि टेन्थ प्लॅनेट'चा. १९६६ पर्यंत हार्टनेल ह्यांची प्रकृती ढासळली होती, संवाद आठवत नसत. नायकाविना मालिका संपायची, पण निर्मात्यांनी एक अपूर्व तोड काढली. २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागाच्या शेवटी थकलेला डॉक्टर पेटीत कोसळतो, प्रकाश पसरतो, आणि त्याच जागी दुसरा, तरुण चेहरा दिसतो, पॅट्रिक ट्रॉटन ह्यांचा. मालिका आजवर टिकली ती ह्या एका युक्तीवर. आणि हा भागच नाही! आधीचे तीन आहेत, चौथा गहाळ. रूपांतराचे ते काही सेकंद तेवढे उरले, कारण 'ब्लू पीटर' ह्या मुलांच्या कार्यक्रमात १९७३ साली ते दाखवले गेले होते. मुलांसाठी केलेल्या गोष्टीचा सर्वांत मोलाचा तुकडा मुलांसाठी केलेल्या दुसऱ्या गोष्टीत राहून गेला.

लेकीने तो तुकडा तीनदा पाहिला. मग अपेक्षित होते तेच विचारले. "आपले आजोबा पण असे आले असते ना?" आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि नाही म्हणालो. माणसे तशी येत नाहीत. डॉक्टर माणूस नाही. तिला हे बहुधा ठाऊक होते. आम्ही खरे बोलतो का एवढेच तिला पाहायचे असावे.

येथे आम्हांला एक कबुली द्यावी लागते. तिच्या आजोबांच्या आवाजातील एक कॅसेट घरी होती. १९८८ च्या सुमारास त्यांनी शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेची गोष्ट त्यात सांगितली होती. पुढे पाच-सहा वर्षांनी, कॉलेजच्या दिवसांत, आमच्यापैकी एकाने त्याच कॅसेटवर चित्रपटगीते भरून घेतली. कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे दोन कान मोडून ठेवले असते तर ते घडले नसते. गोष्ट पुन्हा सांगायला बाबा होतेच, मग फीत जपायची कशाला? बीबीसीचा युक्तिवाद आम्हांला नवा नव्हता. शेवटचे गाणे संपल्यावर मात्र अर्धा मिनिट जुना आवाज उरला आहे. पेटारे चौकीपाशी आले, येथे तो तुटतो.

ती कॅसेट आम्ही त्या रात्री शोधून काढली आणि तिला ऐकवली. आवाज तिने लगेच ओळखला. तुटल्यावर ती थांबली, आणि मग पुढची गोष्ट तिने सांगायला घेतली. आजोबांनी तिला ती कितीतरी वेळा सांगितली होती. पहारेकऱ्याचा आवाज ती त्यांच्यासारखाच काढत होती, आणि मिठाईची नावे सांगताना जेथे ते मुद्दाम रेंगाळत तेथेच रेंगाळत होती. एका जागी तिने घोडा सोडून पेटाऱ्याचे कालयंत्र केले. ते आम्ही दुरुस्त केले नाही. तिला दुसऱ्यांदा सांगायला लावून आम्ही ती गोष्ट मोबाइलवर मुद्रित केली, कॅसेटवरचा अर्धा मिनिटही तिच्या आधी जोडून घेतला, आणि दोन निराळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या.